डावी भिंत

१

१९९०च्या उन्हाळ्यात कुवेतमध्ये माझा दिवस ठरलेला होता. सकाळी सातला सलव्यातल्या फ्लॅटमधून निघायचं, साडेसातला शुवैखच्या ऑफिसात पोचायचं, ए.सी. लावायचा, आणि आदल्या दिवशी कॉम्प्युटरवर लावून ठेवलेलं गणित संपलंय का ते पाहायचं. एका गणिताला पंधरा-सोळा तास लागत. ते संपलेलं असलं की मी प्लॉटरला कागद लावायचो. प्लॉटर म्हणजे पेन धरून चित्र काढणारं यंत्र. ते एकेक बारीक बाण काढत जायचं आणि मी चहा पीत त्याचा आवाज ऐकत बसायचो.

तुम्ही नक्की काय करता, असं लोक विचारत. मी सांगायचो, दगड कुठे सरकणार ते सांगतो. तेलाच्या कारखान्यांतला विषारी गाळ जमिनीखाली कायमचा पुरून ठेवायची एक योजना होती. त्यासाठी सुलैबियाच्या पलीकडे, पाण्याच्या विहिरी संपतात तिथे, वाळूखालच्या चुनखडकात एक चाचणीचा बोगदा खणला होता. चाळीस मीटर खोल, तीस मीटर लांब, चार मीटर रुंद. घोड्याच्या नालासारखा आकार. खडकात पोकळी केली की चारही बाजूंचा खडक त्या पोकळीकडे सरकू लागतो. डोळ्यांना दिसत नाही इतका हळू, पण सरकतो. हजार वर्षांनी तो किती सरकलेला असेल, हे मी कॉम्प्युटरवर मांडायचो. खडकाचं हजारो चौकोनांचं जाळं करायचं, मध्ये बोगद्याचं भोक ठेवायचं, आणि जाळ्याची प्रत्येक गाठ कुठे जाते ते बघायचं. कागदावरचा प्रत्येक बाण म्हणजे एक गाठ. सगळे बाण मधल्या भोकाकडे तोंड करून असायचे. तसेच असायला हवेत.

प्रत्यक्ष बोगद्यात मोजमापं घ्यायचं काम लवूकडे होतं. लवू वेंगुर्ल्याकडचा, चाळिशीचा, मूळचा सुतार. कंत्राटावर आला होता आणि इथे मोजमापाची उपकरणं बसवायला शिकला होता. त्याचा हात इतका स्थिर होता की त्याने घेतलेलं माप मी कधी दुसऱ्यांदा घ्यायला लावलं नाही. रोज सकाळी दहाला आणि दुपारी चारला तो दोन्ही भिंतींमध्ये स्टीलची टेप ताणून अंतर मोजायचा आणि वहीत लिहायचा.

जूनमध्ये माझी बायको सुरेखा आणि मुलगी सुरुची सुट्टीसाठी मिरजेला गेल्या. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात कागदावर ते चूक बाण पहिल्यांदा दिसले.

२

दहा-बारा बाण होते फक्त. बोगद्याच्या डाव्या भिंतीपासून अकरा मीटर आत, अखंड खडकात. त्यांची तोंडं बोगद्याकडे नव्हती. ते एकमेकांकडे तोंड करून होते, जणू त्यांच्या मध्येही एक भोक आहे.

मी भोक ठेवलं नव्हतं. जाळं उघडून प्रत्येक चौकोन तपासला. सगळे भरलेले होते. माहिती लिहिताना कुठेतरी चूक झाली असेल म्हणून मी ती सगळी पुन्हा भरली आणि तेच गणित पुन्हा लावलं. दुसऱ्या दिवशी ते बाण पुन्हा आले, पण आता आणखी थोडे होते आणि त्यांचा मध्य दोन बोटं बोगद्याकडे सरकला होता.

याने मात्र मी थांबलो. कॉम्प्युटर चुकतो, पण तेच गणित दिलं तर तीच चूक करतो. दर वेळी नवी चूक करायला त्याला कारण लागतं.

मग मी एक साधी युक्ती केली. सगळं जाळं उलटं केलं, डावी बाजू उजवीकडे आणि उजवी डावीकडे. प्रोग्रॅममध्ये दोष असेल तर चूक कागदाच्या त्याच कोपऱ्यात राहील. तिसऱ्या दिवशी प्लॉटरने चित्र काढलं. बाण उजवीकडे आले होते. ते डाव्या भिंतीबरोबर गेले होते.

हे मी आमच्या प्रमुखांना, डॉक्टर मुनिरांना, सांगायला हवं होतं. त्या इंग्लंडात शिकलेल्या, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान आणि कामात फार चोख. पण सांगणार काय? मी ठरवलं की ऑगस्टमध्ये दुसऱ्या मशीनवर चालवून बघू आणि मग बोलू. कागद घडी करून खणात ठेवले. लवूला एवढंच विचारलं की डाव्या भिंतीत काही वेगळं वाटतं का. तो म्हणाला, भिंत ठीक आहे, फक्त हल्ली टेप ताणली की ती जरा उशिरा थांबते. थरथरत राहते. वारा नसताना.

३

दोन ऑगस्टला, गुरुवारी, इराकी सैन्य आलं.

त्याबद्दल पुष्कळांनी पुष्कळ सांगितलंय. मला त्यातलं फार थोडं आठवतं. फोन गेले. बेकरीसमोर रांगा लागल्या. खिडकीतून समुद्राच्या बाजूला धूर दिसला आणि मी खिडकी लावून घेतली. चौथ्या की पाचव्या दिवशी मुनिरा माझ्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, सैनिक शुवैखमधली ऑफिसं रिकामी करतायत, खुर्च्यासुद्धा नेतायत, आपलं मशीन तुमच्याकडे आणून ठेवा. लवू आणि मी ते चादरीत गुंडाळून त्याच्या पिकअपमधून आणलं, प्लॉटरसकट. वाटेत एका सैनिकाने विचारलं तेव्हा लवूने टीव्ही आहे म्हणून सांगितलं.

लवूच्या खोलीवरचे सगळे जण निघून गेले होते, म्हणून तो माझ्याकडेच राहायला आला. आपल्या लोकांना बसने बसरा, बगदाद करत अम्मानला नेत होते आणि तिथून विमानाने मुंबईला. एका शाळेत नावं लिहून घेत होते. आम्हीही दिली. आमची बस निघायची होती त्या सकाळी लवूला जुलाब सुरू झाले, आणि मी बॅग भरलेली असूनही पलंगावर बसून राहिलो. बसची वेळ टळली तेव्हा मला वाईट वाटलं नाही. सुटल्यासारखंही वाटलं नाही. त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं. सुरेखाला निरोप द्यायचं साधन नव्हतं, तेव्हा तिचा विचारही मी करेनासा झालो.

वीज होती. म्हणून मी मशीन लावलं आणि रोजच्यासारखं गणित सुरू केलं. दुसरं काय करणार?

४

सप्टेंबरच्या मध्यावर मुनिरा पुन्हा आल्या. अंगभर काळा अबाया घातला होता. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा धाकटा भाऊ यूसुफ शाळेत रसायनशास्त्र शिकवायचा. त्याने कुणासाठी तरी पत्रकं छापली होती आणि छापणाऱ्यांपैकी दोघांना पकडून नेलं होतं. आता घरोघर झडत्या चालू होत्या.

बोगद्याची जागा कुठल्याच नकाशावर नव्हती. उताराच्या तोंडावर पंपाची पत्र्याची शेड होती, आणि आजूबाजूला विहिरी असल्यामुळे कुणालाही ती पाण्याच्या खात्याचीच वाटली असती. विहिरींच्या लाइनवरून तिथे वीजही होती.

मुनिरांनी बसल्या बसल्या विचारलं, "मिस्टर कांत, तिथे माणूस राहू शकेल?"

मी म्हणालो, हवा आहे, दिवे आहेत, पाणी न्यावं लागेल.

"मी ते नाही विचारत. तुम्ही दोन वर्षं त्या खडकाचं गणित करताय. तो सुरक्षित आहे का?"

माझ्या मागच्या टेबलावर त्याच दिवशी सकाळी काढलेला कागद पसरलेला होता. त्यावर आता शंभरेक बाण होते आणि त्यांची अलीकडची कड डाव्या भिंतीपासून नऊ मीटरवर आली होती. मी उठलो, कागदाची घडी केली आणि म्हणालो, "भिंती वर्षाला दोन मिलिमीटर सरकतात. डोक्यावर काही पडणार नाही."

हे खरं होतं. लवूच्या वहीतली मापं तेच सांगत होती. बाकीचं माझ्या मशीनमधलं होतं, आणि मशीनमधल्या चुकीसाठी एका माणसाला सैनिकांच्या हाती देणं मला पटलं नाही. मी असंच स्वतःला समजावलं. मुनिरांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मान हलवली आणि गेल्या.

दोन दिवसांनी लवूने यूसुफला पिकअपमधून तिथे पोचवलं.

५

लवू दर चौथ्या दिवशी जायचा. विहिरींवर काम करणारा भारतीय मिस्त्री म्हणून त्याला सैनिकांच्या नाक्यांवर ओळखू लागले होते. खुबूसच्या रोट्या, डबाबंद मटार, पाण्याचे कॅन, कधी सिगरेटी. आणि गेला की सवयीने दोन्ही भिंतींमधलं माप घेऊन यायचा. मी त्याला तसं सांगितलं नव्हतं.

ऑक्टोबरात त्याने वही माझ्यापुढे ठेवली. उजवी भिंत होती तशीच होती. डावी भिंत सरकत होती, पण बोगद्याकडे नाही. उलट बाजूला. आमच्यापासून दूर. आठवड्याला एक मिलिमीटर.

खडक पोकळीकडे सरकतो. डावी भिंत मागे जात होती याचा अर्थ तिला मागून काहीतरी ओढत होतं. मी दुपारभर दुसरी कारणं शोधली. बाहेरची उष्णता, पंप बंद पडल्यामुळे बदललेलं भूजल, सैन्याचे रणगाडे वरून जाणं. प्रत्येकाचा आकडा मांडून पाहिला. एकही पुरेना.

मग लवूने आणखी एक गोष्ट सांगितली. यूसुफला तिथे आवाज येत होता. रोज दोनदा, सकाळी दहाला आणि दुपारी चारला. टेप उलगडल्याचा, मग ताणल्याचा, मग थोडा वेळ शांतता, आणि टेप परत गुंडाळल्याचा. पहिल्यांदा त्याला वाटलं की लवूच आला आहे. आता त्याला त्याची सवय झाली होती. सोबत वाटते, म्हणाला.

मी लवूला समजावलं की ताण पडला की खडक वाजतो, जगभर खाणींमध्ये वाजतो. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "साहेबानु, खडक वाजता ता माका म्हायती असा. पण तो घड्याळ बघून वाजना नाय."

६

नोव्हेंबरात मी ती गोष्ट केली जी जुलैमध्येच करायला हवी होती. बाण जिथे जमत होते तिथे मीच एक भोक ठेवलं. आकार अंदाजाने बदलत गेलो. गोल ठेवलं, लंबगोल ठेवलं. लवूच्या मापांशी उत्तर जुळेना. शेवटी कंटाळून आमच्याच बोगद्याची आकृती उचलली आणि तिथे बसवली. चार मीटर रुंद, घोड्याच्या नालासारखी.

सगळं जुळलं. प्रत्येक तारखेचं प्रत्येक माप, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत.

प्लॉटरने त्या दिवशी जे चित्र काढलं त्यात दोन पोकळ्या शेजारी शेजारी होत्या आणि मध्ये खडकाची भिंत होती. सात मीटर जाडीची. कुठली आपली ते कागद उलटा धरला तर सांगता आलं नसतं. मी तारखांप्रमाणे पुढचा हिशेब केला. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती सहा मीटर होणार होती.

सहा मीटर हा आकडा मला ठाऊक होता. आमच्या डाव्या भिंतीत लवूने दोन वर्षांपूर्वी बरोबर सहा मीटर खोल एक भोक पाडलं होतं. मनगट जाईल एवढं. त्याच्या तळाशी एक लोखंडी पकड घट्ट बसवलेली होती आणि तिला जोडलेली स्टीलची सळई बोगद्यापर्यंत आलेली होती. आतला खडक हलला की सळईचं टोक हलतं, म्हणजे ते मोजता येतं.

मी लवूला म्हणालो की या खेपेला मीही येतो.

७

अकरा डिसेंबर. सकाळ, ऊन स्वच्छ होतं. नाक्यावर लवूने माझी ओळख पंपाचा इंजिनिअर म्हणून करून दिली.

यूसुफ उताराच्या तोंडाशी शेडमध्ये चहा करत होता. दाढी वाढली होती, रंग उतरला होता, पण माणूस शांत होता. मी त्याला सांगितलं की आम्ही एक उपकरण तपासून येतो. तो म्हणाला, दहा वाजतायत, आवाज ऐकायला मिळेल. आणि हसला.

आत गेलो. बोगद्यात त्याची सतरंजी, पुस्तकं, दोरीवर वाळत टाकलेला सदरा. दिवे जळत होते. मी डाव्या भिंतीला हात लावला. थंड, कोरडी, नेहमीसारखी. एकही भेग नव्हती. मला जरा बरं वाटलं. माझंच डोकं बिघडलंय असं निघालं असतं तर ते मला तेव्हा चाललं असतं.

लवूने सळईचं टोक चिमटीत धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. ती सहज फिरत होती. सहा मीटर आत खडकात पकडलेली सळई हाताने फिरता कामा नये. त्याने ओढली. ती येत राहिली. तीन मीटर, चार, मग बोगद्याच्या रुंदीत मावेना म्हणून वाकवत पूर्ण सहा मीटर सळई बाहेर आली. पकड तिच्या टोकाला नव्हती. आटे स्वच्छ होते, तुटलेले नव्हते. कुणीतरी पान्याने सोडवावी तशी ती सुटली होती.

मी भोकाला डोळा लावला.

पलीकडच्या टोकाला उजेड होता. तांदळाच्या दाण्याएवढा, पिवळा. आमच्याच दिव्यांसारखा. मी विचार केला की हे परावर्तन आहे, आतला दगड ओला आहे. मग तो उजेड गेला. दिवा विझतो तसा नाही. त्याच्यासमोर काहीतरी आलं.

टेप उलगडल्याचा आवाज आला. मी मागे झालो. दहा वाजले होते.

मग भोकात घासटल्याचा आवाज येऊ लागला. हळू, एकसारखा, आणि जवळ येणारा. लवूच्या हातात आमची सळई होती. भोकातून दुसऱ्या सळईचं टोक बाहेर आलं. बोटभर आलं आणि थांबलं. ते स्वच्छ होतं, तेल लावलेलं. थोडा वेळ गेला. मग ती सळई जागच्या जागी उजवीकडे फिरू लागली, अर्धा फेरा, थांबणं, पुन्हा अर्धा फेरा. लवू पकड बसवताना असंच करतो. ती घट्ट झाली तसा भिंतीतून खडकाचा बारीक चुरा गळून पडला.

पलीकडे कुणीतरी आपलं उपकरण आमच्या बाजूला बसवलं होतं.

लवूने माझा दंड धरला आणि आम्ही बाहेर आलो. पळालो नाही. यूसुफने चहा ओतून ठेवला होता.

८

मी त्याला म्हणालो की सामान घे, इथे राहायचं नाही.

त्याने का म्हणून विचारलं. मी सांगितलं की भिंत धोक्याची झाली आहे. तो खाली गेला, भिंत पाहून परत आला आणि म्हणाला, "वर मला नाव विचारतील. इथे कुणी विचारत नाही. मला राहू द्या."

मी ऐकलं नाही. मी जे पाहिलं होतं ते त्याला सांगितलं असतं तर त्याने स्वतःचं स्वतः ठरवलं असतं. मी फक्त माझ्या गणिताचा हवाला दिला. दोन वर्षं या खडकाचं काम करतोय, म्हणालो, माझ्यावर विश्वास ठेव. बहिणीने ठेवला होता म्हणून त्यानेही ठेवला. चहा तसाच राहिला.

त्याला पिकअपमध्ये मागे पाइपांच्या बाजूला कामगाराच्या कपड्यांत बसवलं. सलव्याला माझ्या फ्लॅटमध्ये दोन-चार दिवस ठेवू, मग मुनिरा बघतील, असा बेत होता. सुलैबियाच्या अलीकडे, जिथे रोज नाका नसायचा तिथे, नवा नाका लागला होता. सैनिक नवे होते. लवूला आणि मला पाहून त्यांनी "हिंदी", म्हणजे भारतीय, म्हणून हात हलवला. मग एक जण मागे गेला आणि यूसुफशी काहीतरी बोलला. यूसुफने उत्तर दिलं. दोनच शब्द असतील. कुवेती माणसाची बोली दोन शब्दांतही कळते.

त्यांनी त्याला उतरवलं. मारलं नाही, ओरडले नाहीत. तो चालत त्यांच्या गाडीकडे गेला आणि बसण्याआधी त्याने आमच्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादं माप चुकलं तर माणूस टेपकडे बघतो तसं.

आम्हाला जा म्हणून सांगितलं. आम्ही गेलो. घरी आल्यावर लवूने भात लावला आणि आम्ही तो खाल्ला.

त्या संध्याकाळी मी मुनिरांकडे जाऊन सांगितलं. त्यांनी विचारलं, बाहेर का काढलं? मी म्हणालो, भिंत सरकत होती. त्या म्हणाल्या, बरं. तेवढंच.

९

फेब्रुवारीअखेर सैन्य गेलं आणि तेलविहिरी जळू लागल्या. दुपारी बारा वाजता गाडीचे दिवे लावावे लागत. वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे थेंब पडत. कैद्यांच्या बसगाड्या परत येऊ लागल्या तेव्हा मुनिरा रोज तिथे उभ्या राहत. यूसुफ कुठल्याच बसमधून आला नाही.

लवू मे महिन्यात गावी गेला. विमानतळावर त्याने माझा हात हातात घेतला आणि सांगितलं, "साहेबानु, मी कोणाक सांगूक नाय. तुमीय सांगू नकात." मी सुरेखाला पत्र लिहिलं होतं की येतो. गेलो नाही. मला परत त्याच ऑफिसात नोकरी मिळाली होती आणि मी ती करत होतो.

ऑक्टोबरात वरून हुकूम आला की गाळाची योजना बंद, बोगदा काँक्रीटने भरून टाकायचा. दुसऱ्या कंपनीचा एक इंजिनिअर आत जाऊन आला होता आणि त्याने लिहिलं होतं की भिंती उत्तम आहेत, कुठेही हालचाल नाही. डाव्या भिंतीतल्या भोकाचा त्यात उल्लेख नव्हता. भरायला हरकत नाही, अशी माझी सही हवी होती. यूसुफला माझ्या डोळ्यांदेखत वरच नेलं होतं, म्हणजे आत कुणी नव्हतं. मी सही केली.

काम कासम मुकादमाकडे होतं, दापोलीकडचा जुना माणूस. उताराच्या तळाशी बोगद्याचं तोंड बंद करून त्याने दोन पाइप खाली सोडले होते. एकातून काँक्रीट आत जायचं, दुसऱ्यातून हवा बाहेर यायची. आत जागा भरली की दुसऱ्या पाइपातून सिमेंटचं पाणी वर येतं, मग थांबायचं. माझ्या हिशेबाने सत्तर गाड्या लागणार होत्या. मुनिराही आल्या होत्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सत्तरावी गाडी रिकामी झाली. पाइपातून हवाच येत होती. कासमने पंचाहत्तर केल्या. ऐंशी केल्या. मग पंप थांबवून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "साहेब, खाली आणखी जागा आहे. तुमच्या कागदात नाही ती. काय करू, थांबवू?"

मुनिरांना मराठी येत नव्हती, पण त्यांना कळलं. त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"ही जागा तुमच्या मॉडेलमध्ये होती का, मिस्टर कांत?"

मी म्हणालो, "होती."

"केव्हापासून?"

"जुलैपासून. युद्धाच्या आधीपासून."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. बाण, दहा वाजताचा आवाज, सुटलेली पकड, भोकातून आलेली ती सळई. धूर त्या दिवशी विरळ होता आणि त्यांचा चेहरा मला स्पष्ट दिसत होता. त्यावर काहीच बदललं नाही. माझं संपल्यावर त्यांनी एकच विचारलं, "तो तिथेच राहिला असता, तर?"

"मला माहीत नाही," मी म्हणालो. खरंच माहीत नव्हतं. आजही नाही.

त्या वळल्या आणि कासमला अरबीत म्हणाल्या, चालू ठेव.

तिसऱ्या दिवशी सकाळी, एकशे एकेचाळिसाव्या गाडीला, दुसऱ्या पाइपातून करडं पाणी वर आलं. कासमने पंप बंद केला. माणसं हात धुऊन जेवायला बसली. मुनिरा पाइपापाशी गेल्या, गुडघ्यांवर बसल्या आणि त्याच्या लोखंडाला कान लावला. बराच वेळ त्या तशाच होत्या, डोळे मिटून. दहा वाजले असतील. मग त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला सरकून माझ्यासाठी जागा केली.

मी गेलो नाही.